एप्रिलएअर ६०० : फर्नेसला जोडायचा ह्युमिडिफायर घ्यावा का, आणि बसवावा कसा

डिसेंबर लागला की शिकागो, मिनियापोलिस, टोरांटोकडच्या घरांतून त्याच तक्रारी ऐकू येतात. पोरांचा घोळणा फुटतो, दाराच्या मुठीला हात लावला की चटका बसतो, लाकडी जमिनीच्या फळ्यांमध्ये फटी दिसू लागतात. घरात तंबोरा असेल तर भोपळ्याला तडा जाण्याची धास्ती वेगळीच. या सगळ्याचं मूळ एकच आहे. बाहेरची उणे १० अंश सेल्सियसची हवा ८० टक्के आर्द्रतेची असली, तरी घरात येऊन २१ अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता ९ टक्क्यांच्या आसपास येते. फर्नेस, म्हणजे घर तापवणारी भट्टी, हवेतलं पाणी काढून घेत नाही. पाणी तेवढंच असतं, गरम हवेत मात्र त्याहून कितीतरी जास्त मावू शकतं. म्हणजे फटींतून जितकी थंड हवा आत येणार, तितकं घर कोरडं पडणार.

त्यामुळे यंत्रावर पैसे घालण्याआधी ॲटिकचं झाकण, बेसमेंटच्या भिंतीवरची लाकडी कड आणि डक्टचे (गरम हवा नेणाऱ्या पत्र्याच्या वाहिन्यांचे) उघडे सांधे बुजवून घ्या. गळक्या घरात कुठलाही ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत ओलावा घालणारं यंत्र, पुरा पडत नाही.

एवढं करूनही हवा कोरडीच राहत असेल आणि घर डक्टमधून तापत असेल, तर एप्रिलएअर ६०० हा आमच्या मते सर्वांत समंजस पर्याय आहे. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन गावची रिसर्च प्रॉडक्ट्स कॉर्पोरेशन ही कंपनी एप्रिलएअर नावाने १९५४ पासून ह्युमिडिफायर बनवते. ६०० ला स्वतःचा पंखा नाही. फर्नेसच्या गरम बाजूला हवेचा दाब जास्त, परतीच्या बाजूला कमी. या दोन्ही बाजू ६ इंची गोल नळीने, म्हणजे बायपासने, जोडल्या की दाबातल्या फरकानेच हवा ओल्या पॅडमधून जाते. नागपूरच्या कूलरमधल्या वाळ्याच्या ताटीचंच हे तत्त्व. फरक इतकाच, की कूलर तेच पाणी पुन्हापुन्हा फिरवतो आणि इथे पॅडवरून उतरलेलं पाणी थेट ड्रेनमध्ये जातं. टाकी नाही, साचलेलं पाणी नाही, आणि क्षारही बरेचसे वाहून जातात. ड्रम फिरवणारे जुने ह्युमिडिफायर चिकट, वास मारणाऱ्या पाण्यामुळे बदनाम झाले. तो त्रास इथे नाही.

कंपनीचा आकडा आहे दिवसाला १७ गॅलन, म्हणजे सुमारे ६४ लिटर, आणि घट्ट बांधणीच्या ४,००० चौरस फुटांपर्यंतच्या घराला तो पुरेल असं ती सांगते. हा आकडा वाचताना एक अट लक्षात ठेवा: प्लेनममधली (फर्नेसला लागून असलेल्या पत्र्याच्या मोठ्या डक्टमधली) हवा १२० अंश फॅरनहाइट हवी आणि फर्नेस सतत चालू हवी. प्रत्यक्षात फर्नेस दिवसातून निम्मा वेळ चालली तर मिळणारं पाणीही निम्मंच. गरजेपेक्षा मोठी फर्नेस असेल तर ती पाच मिनिटं पेटून बंद होते आणि पॅड धड ओला व्हायच्या आतच फेरी संपते. दोन टप्प्यांच्या किंवा बदलत्या वेगाच्या फर्नेसमध्ये आणखी एक अडचण असते. कमी वेगावर दाबातला फरक घटतो आणि हवाही तेवढी तापत नाही. अशा घरांसाठी पंखा असलेलं ७०० मॉडेल घ्यावं. त्याची क्षमता कागदावर १८ गॅलनच आहे, पण ते बायपासच्या दाबावर अवलंबून नाही आणि ६ इंची नळीही लागत नाही. हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणून घर तापवणारं यंत्र) असेल तर हवा १२० अंशांच्या बरीच खाली राहते, तेव्हा पाण्याची जोडणी गरम नळावरूनच करा. रेडिएटरवाल्या, म्हणजे डक्ट नसलेल्या, घरांना मात्र हे यंत्र मुळीच लागू नाही.

आता जागा. यंत्र गरम प्लेनमवरही बसतं आणि परतीच्या डक्टवरही. हवा दोन्हींकडे गरम बाजूकडून परतीकडेच जाते, त्यामुळे कामात फरक पडत नाही. तरीही आमचं मत परतीच्या डक्टच्या बाजूने आहे. कधी ना कधी पाणी सांडणारच. गरम प्लेनमवरून गळलेलं पाणी एसीच्या कॉइलवर (हवा थंड करणाऱ्या नळ्यांच्या जाळीवर) आणि तिथून फर्नेसच्या सर्किट बोर्डवर उतरतं, आणि बोर्ड बदलण्याचा खर्च ह्युमिडिफायरच्या किमतीच्या घरात जाऊ शकतो. फर्नेसच्या स्वतःच्या पेटीवर यंत्र कधीच बसवू नये. पुढचं झाकण काढून पॅड ओढता येईल एवढी मोकळी जागा समोर ठेवा.

सोबत कागदी टेम्प्लेट येतो. तो लेव्हल लावून चिकटवा, आणि इथे घाई करू नका, कारण यंत्र तिरकं बसलं की पाणी पॅडच्या एकाच बाजूने उतरतं आणि उरलेला अर्धा पॅड हंगामभर कोरडा राहतो. पत्रा कापण्याआधी एक बारीक भोक पाडून विजेरीने आत पाहा. गरम बाजूला कापत असाल तर हे टाळूच नका, कॉइल किंवा तिच्या तांब्याच्या नळ्या मागे असू शकतात. ६ इंची नळीला कमीत कमी वळणं द्या आणि सांधे कापडी टेपने नव्हे, ॲल्युमिनियम फॉइल टेपने बंद करा. कापडी टेप उष्णतेने एक-दोन हिवाळ्यांत सुटते.

पाण्याच्या जोडणीवर आमचा सर्वांत मोठा आक्षेप आहे. खोक्यात नळीला भोक पाडून बसणारा सॅडल व्हॉल्व्ह मिळतो. तो वापरू नका. त्याचं रबर वाळतं, सुईजवळ क्षार साचतात, आणि कित्येक ठिकाणच्या प्लंबिंग नियमांत तो बसतही नाही. नळीत टी (तीन तोंडांचा जोड) घालून पाव इंची कॉम्प्रेशनचा साधा बंद-चालू कॉक बसवा. खर्च थोडाच वाढतो, पण बेसमेंटमध्ये पाणी साचण्याचा मोठा धोका टळतो.

ड्रेनची नळी आतून अर्धा इंच, आणि ती शेवटपर्यंत उताराने जायला हवी. मध्ये झोळ पडला की तिथे क्षाराचा गाळ बसतो आणि पाणी उलटं यंत्रात चढतं. जमिनीतला ड्रेन नसेल तर पंप लागेल. गरम पाणी जोडलं असेल तर पंप तेवढं तापमान सोसणारा आहे ना, हे त्याच्यावरच्या पट्टीवर वाचून घ्या.

विजेचं काम थोडं आहे, पण चूक महागात पडते. यंत्राचा सोलेनॉइड, म्हणजे पाणी चालू-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह, २४ व्होल्टचा. फर्नेसच्या बोर्डवर ‘एचयूएम’ (HUM, म्हणजे ह्युमिडिफायर) लिहिलेली जागा काही कंपन्यांत २४ व्होल्टची असते, काहींत १२० ची. नुसतं नाव पाहून तार जोडली तर सोलेनॉइड जळतो. मल्टिमीटर लावून, फर्नेस पेटलेली असताना मोजा. मग मुख्य स्विच बंद करून जोडा. १२० निघाले तर मध्ये वेगळा ट्रान्सफॉर्मर घ्या.

६०० सोबत बाहेरच्या तापमानाचा सेन्सर असलेला स्वयंचलित कंट्रोल येतो, ६०० एम मध्ये हाताने फिरवायचा. थोडे जास्त पैसे देऊन पहिलाच घ्या. बाहेर जितकी थंडी, तितकी आतली आर्द्रता कमी ठेवावी लागते. नाहीतर खिडक्यांवर पाणी धरतं आणि चौकटीत बुरशी येते. बाहेर २० अंश फॅरनहाइट असेल तर ३५ टक्के, शून्याला २५, उणे २० ला फक्त १५. थंडीची लाट आली की रात्री उठून चकती कोणी फिरवत नाही. सेन्सर घराच्या उत्तर बाजूला, बर्फ साचतो त्याच्या वर आणि ड्रायरच्या धुराड्यापासून दूर लावा. उन्हात लावला तर तो बाहेर ऊब आहे असं समजून आत जास्त पाणी सोडतो. कंट्रोलची पेटी परतीच्या डक्टवर, पण बायपासची नळी येते त्या जागेच्या अलीकडे, घरातली हवा आधी येते त्या बाजूला. पलीकडे लावली तर ती स्वतःचीच ओली हवा मोजत बसते.

चकती १ ते ७ अशी असते. मधल्या आकड्यावरून सुरुवात करा आणि प्रत्येक बदलानंतर एक दिवस थांबा, कारण भिंती, फर्निचर, गाद्या आधी पाणी पितात. आपल्या स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या आणि उकळती आमटी यांचीही वाफ असते, म्हणून खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात दव दिसलं की आकडा एकाने उतरवा. हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचा मीटर, खरं सांगतो का, हे पाहायला बाटलीच्या बुचात मीठ घेऊन ते ओल्या वाळूसारखं भिजवा आणि मीटरसह झिपच्या पिशवीत रात्रभर बंद ठेवा. मीटरने ७५ टक्के दाखवायला हवेत. जितका फरक, तितकी त्याची चूक.

‘ह्युमिडिफायरमुळे गॅसचं बिल कमी येतं’ या जाहिरातीवर फार विसंबू नका. एक गॅलन पाण्याची वाफ व्हायला सुमारे ८,७०० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) लागतात. दिवसाला १० गॅलन म्हणजे ८७,००० बीटीयू, जवळजवळ एक थर्म (१ लाख बीटीयू) गॅस. दमट हवेत थर्मोस्टॅट एखाद्या अंशाने उतरवता येतो, पण हा खर्चही होतोच. पाणीही बरंच वाया जातं: पॅडवरून ताशी जेमतेम पाऊण गॅलन हवेत जातं आणि त्याहून कितीतरी जास्त ड्रेनमध्ये. पाण्याची टंचाई असलेल्या भागात हा या यंत्राचा खरा दोष आहे.

देखभाल सोपी आहे. ३५ क्रमांकाचा वॉटर पॅनल, म्हणजे तोच पॅड, चिकणमातीचा थर दिलेली ॲल्युमिनियमची जाळी, दर हंगामाला बदलायचा. पाणी फार क्षाराचं असेल तर जानेवारीत पुन्हा. घालताना त्यावरची रंगाची खूण वरच्या बाजूला हवी. पॅडवर पाणी सोडणारी वरची पन्हळ व्हिनेगरमध्ये अर्धा तास भिजवून तिच्या खाचा टूथब्रशने मोकळ्या करा. पाणी येतच नसेल तर आधी सोलेनॉइडजवळची बारीक गाळणी पाहा. फर्नेस पेटल्यावर दहा मिनिटांत ड्रेनमधून बारीक धार पडायला हवी. सोलेनॉइडचा टक आवाज आला आणि धार नाही, तर गाळणी किंवा ओरिफिस (पाणी सोडणारं बारीक भोक) तुंबलेलं आहे. आवाजच नाही, तर वायरिंग किंवा कंट्रोल तपासा.

हिवाळा संपला की पाण्याचा कॉक बंद करा आणि बायपासचं झडप ‘समर’वर फिरवा. ते उघडं राहिलं तर एसीची थंड हवा घरात न जाता सरळ परतीत घुसते आणि कॉइलवर बर्फ धरतो. जूनमध्ये एसी थंड करत नाही म्हणून मेकॅनिकला बोलावण्याआधी हे झडप पाहा.