पाकिटावरचा परका क्रमांक

निवृत्तीनंतर ठाण्यात, नौपाड्यातल्या राहत्या घरातून, मी आणि पत्नीने चहाचा लहानसा व्यवसाय सुरू केला. आसामची सीटीसी पत्ती, वाशीच्या मसाला बाजारातून आणलेली वेलची व सुंठ आणि घरी वाळवलेला गवती चहा हे आमचे मिश्रण ओळखीपाळखीत खपू लागले, तेव्हा त्याला बोधचिन्ह आणि छापील पाकीट असावे असे वाटले. परिचितांकडून एका तरुण डिझायनरचे नाव कळले. बोधचिन्ह आणि पाकिटाची रचना मिळून 18,000 रुपये ठरले. करार झाला नाही. सारे बोलणे व्हॉट्सॲपवर आणि पैसे यूपीआयने.

पहिल्या नमुन्यावर त्याने ‘दार्जिलिंगच्या मळ्यांतून थेट’ असे लिहिले होते. दार्जिलिंग या नावाला भौगोलिक मानांकनाचे संरक्षण आहे आणि आमची पत्ती तर आसामची, हे मी त्याला बजावले व त्याने ती ओळ लगेच काढली. आपली नजर किती तीक्ष्ण, या समाधानात मी पाकिटाची मागची बाजू नीट वाचलीच नाही. निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, हिरवा ठिपका, तक्रारीसाठीचा पत्ता हे सारे बारीक अक्षरात जागच्या जागी दिसत होते, एवढे मला पुरले.

अशी पाकिटे ग्रॅव्हूर पद्धतीने छापतात. त्यात प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र सिलिंडर, म्हणजे छपाईचा रूळ, कोरावा लागतो. आमच्या पाकिटात सहा रंग असल्याने सहा सिलिंडरांचे 27,000 रुपये आणि 10,000 पाकिटांच्या छपाईचे वेगळे पैसे मी त्याच्याच खात्यात भरले. रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या छापखान्याशी व्यवहार त्याने परस्पर केला. या सोयीचे मला तेव्हा कौतुकच वाटले होते.

पाचपाखाडीतल्या एका किराणा दुकानदाराने माल ठेवून घेण्यापूर्वी पाकीट उलटे केले आणि त्यावरचा एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी क्रमांक संकेतस्थळावर तपासला. तो भलत्याच कंपनीचा निघाला. डिझायनरने मागचा मजकूर बाजारातल्या कुठल्याशा पाकिटावरून उतरवला होता, आणि मी पाठवलेला आमचा नोंदणी क्रमांक त्यात घालायचा राहून गेला होता. इथपर्यंत तो हलगर्जीपणा होता, आणि न वाचता होकार दिल्यामुळे त्यात माझाही वाटा होता.

दुरुस्तीसाठी फोन केला, तेव्हा त्याने सहाही सिलिंडर नव्याने करावे लागतील असे सांगितले. दुसऱ्या कोणाकडून काम करून घेतो, मूळ फाइल द्या, असे म्हटल्यावर त्याचा सूर बदलला. “काका, ओपन फाइल कोणी देत नाही. हवी असेल तर 25,000 वेगळे होतील.” माझ्याकडे होत्या त्या फक्त जेपीजी प्रती, ज्यांवरून नीट छपाई होत नाही.

मी स्वतः रबाळ्याला गेलो. छापखान्यातल्या कारागिराने पाकीट हातात घेऊन सांगितले, की मागचा मजकूर केवळ काळ्या रंगात असल्याने एक काळा सिलिंडर बदलला की काम भागते. मात्र सिलिंडरांचे बिल डिझायनरच्या नावे असल्यामुळे त्याच्या परवानगीशिवाय त्यांना हात लावता येणार नव्हता. माझ्या पैशाने कोरलेल्या त्या सिलिंडरांकडे मी नुसता पाहत उभा राहिलो.

बोधचिन्हाची तरी चहाच्या वर्गात, म्हणजे वर्ग 30 मध्ये, ट्रेडमार्क म्हणून नोंदणी करावी, या विचाराने वकिलांकडे गेलो, तर त्यांचा पहिला प्रश्न हस्तांतराच्या कागदाचा होता. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या चित्रकाराच्या कलाकृतीचा स्वामित्वहक्क, 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार, सामान्यतः त्याच्याकडेच राहतो; तो आपल्याकडे यायचा तर सहीचा लेखी कागद लागतो, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर हस्तांतर पाचच वर्षांचे धरले जाते. पावती म्हणजे हक्क नव्हे, हे मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळले.

पुढचा धक्का वकिलांच्या मदतनीस मुलीने दिला. तिने आमचे बोधचिन्ह, म्हणजे कपातून निघणाऱ्या वाफेचे झालेले पान, इंटरनेटवर चित्रावरून शोधले आणि ते एका तयार साच्यांच्या संकेतस्थळावर, कोणालाही विकत घेता येईल असे, तिला दोन मिनिटांत सापडले. ज्या फाइलसाठी मी घासाघीस करत होतो, त्यातले चित्र मुळात डिझायनरचे नव्हतेच. आम्ही पाठवलेल्या नोटिशीला त्याने उत्तर दिलेले नाही. माझ्याकडे पुरावा आहे तो व्हॉट्सॲपवरचे संदेश आणि यूपीआयच्या पावत्या एवढाच.

नव्या कामासाठी आता कळव्याची एक मुलगी आहे. रेघ काढण्यापूर्वी तिने आणि मी एका पानाच्या करारावर सह्या केल्या: चित्र तिने स्वतः काढलेले असेल, मूळ फाइल शेवटच्या हप्त्याबरोबर मिळेल, हक्क कायमचे माझ्या नावे होतील, सिलिंडर केले तर बिल थेट माझ्या नावे येईल. मागच्या बाजूचा मजकूर मी स्वतः टंकून दिला आणि पत्नीने तो मोठ्याने वाचून, आकडा न् आकडा, नोंदणीच्या कागदाशी ताडून पाहिला.

तूर्त आम्ही साध्या पाकिटांवर छापील लेबल लावून चहा विकतो. जुन्या पाकिटांचे गठ्ठे पोटमाळ्यावर पडून आहेत. रद्दीवाल्याला दाखवले, तर त्याने एक पाकीट बोटांत चुरगाळून परत दिले. प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेला हा माल कोणी घेत नाही, म्हणाला.