जुन्या गाडीचा मॅग्नेटो: फक्त कंडेन्सर बदलायचा, वाइंडिंग करून घ्यायचं, की बॅटरी-कॉइल बसवायची?

थंड इंजिन दुसऱ्या किकला सुरू होतं. दहा-बारा किलोमीटर गाडी मजेत धावते, मग चढावर अडखळत बंद पडते. अर्धा तास सावलीत उभी केली की पुन्हा पहिल्यासारखी. लुकास कंपनीचा के वन एफ, के टू एफ किंवा मॅगडायनो हा मॅग्नेटो (इंजिनाने फिरून बॅटरीशिवाय ठिणगी तयार करणारं यंत्र) असलेली जुनी मोटरसायकल बाळगणाऱ्यांना हे दुखणं चांगलंच ठाऊक असतं. यावर साधारण तीन उपाय सुचवले जातात: कंडेन्सर (वीज साठवणारा छोटा भाग) बदलणं, आतल्या तारेचं वाइंडिंग नव्याने करून घेणं, किंवा मॅग्नेटोऐवजी बॅटरी-कॉइल बसवणं. त्यातला कुठला तुमच्या गाडीला लागू पडेल, हे मॅग्नेटो गरम असताना तपासल्याशिवाय ठरवू नका. थंड मॅग्नेटो टेबलावर नेहमीच शहाण्यासारखा वागतो.

आधी फुकटातल्या गोष्टी. गाडी बंद करायच्या बटणाकडे जाणारी वायर मॅग्नेटोवरून सोडवून पाहा; तिचं आवरण कुठे फ्रेमला घासून फाटलं असेल, तर प्रायमरी (वाइंडिंगची जाड तारेची गुंडाळी) तिथेच अर्थ होते, म्हणजे फ्रेमला टेकते, आणि दोष बिचाऱ्या आर्मेचरवर, म्हणजे वाइंडिंग असलेल्या फिरत्या भागावर, येतो. पॉइंटची, म्हणजे उघडझाप होऊन ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांची, गॅप ०.३० मिमी करा. कार्बन ब्रश बाहेर काढून त्याच भोकातून कापड गुंडाळलेली काडी स्लिप रिंगवर (ठिणगीची वीज ब्रशला देणारी फिरती कडी) धरा आणि इंजिन हळू फिरवा. कापड काळं निघालं तर ती काजळी पेट्रोलने पुसून काढा, कारण तिच्यातूनही ठिणगी पळून जाते.

एवढं करूनही दुखणं राहिलं, तर ते कधी होतं ते बघा. थंड असताना सुरू व्हायला त्रास आणि एकदा वेग घेतला की झकास, असं असेल तर चुंबक कमजोर झाल्याचा संशय घ्यावा. त्याला पुन्हा चुंबकत्व देणं हे सोपं आणि लवकर होणारं काम आहे. थंड असताना उत्तम आणि गरम झाल्यावर ठिणगी गायब, असं असेल तर गाठ कंडेन्सरशी किंवा वाइंडिंगच्या इन्सुलेशनशी आहे.

इथेच मल्टिमीटर फसवतो. प्रायमरी साधारण अर्धा ओम, सेकंडरी (बारीक तारेची गुंडाळी) पाच हजार ओमच्या आसपास, म्हणजे सगळं ठीक, असं समजून लोक मॅग्नेटो परत बसवतात. पण कंडेन्सर आर्मेचरच्या पोटात, प्रायमरीला समांतर जोडलेला असतो. मीटरला दिसतो तो फक्त तो अर्धा ओम. कंडेन्सर गळका असला तरी आकडा बदलत नाही. त्याची जोडणी सोडवून इन्सुलेशन टेस्टर (जास्त व्होल्टेज देऊन गळती मोजणारं मीटर) लावावा लागतो, आणि तोही हेअर ड्रायरने आर्मेचर हाताला चटका बसेल इतकं तापवून. ०.१५ ते ०.२ मायक्रोफॅरड ही क्षमता बरोबर भरूनही गळती असू शकते.

ठिणगीची परीक्षा घेताना प्लगच्या वायरचं टोक आणि अर्थ यांच्यात पाच-साडेपाच मिमीची गॅप ठेवा. प्लगची वायर मोकळी लोंबकळत ठेवून मॅग्नेटो कधीही फिरवू नका. बाहेर वाट मिळाली नाही, तर ते व्होल्टेज वाइंडिंगच्या आतून वाट काढतं.

आता निवड. नुसता कंडेन्सर बदलणं तेव्हाच शहाणपणाचं, जेव्हा गरम अवस्थेत वाइंडिंग टिकतं आणि कंडेन्सर एकटा नापास होतो. काही मॅग्नेटोंसाठी पॉइंटच्या बाजूने बसणारे नवे कंडेन्सर मिळतात. त्यात काम कमी, पण जुना आत जोडलेलाच राहिला तर गळतीही तशीच राहते.

आर्मेचर बाहेर आलंच आहे, तर ते ज्या पोकळीत फिरतं तिथे बोट फिरवून बघा. तपकिरी, चिकट थर लागला तर ती जुन्या वाइंडिंगवरची लाख आहे, उष्णतेने मऊ होऊन फेकली गेलेली. तिथे कंडेन्सरवर खर्च करू नका, वाइंडिंगच करून घ्या. बेअरिंग, बेअरिंगमागचा इन्सुलेशनचा कागद, चुंबकत्व हे सगळं त्याच फेरीत उरकतं. कारागिराला एक प्रश्न आवर्जून विचारा: आत कंडेन्सर कुठला घालणार? उत्तम वाइंडिंग आणि हलक्या दर्जाचा कंडेन्सर इपॉक्सीत एकत्र गाडला गेला, तर कंडेन्सर गेल्यावर वाइंडिंगही फोडावं लागतं. आर्मेचर तापवून चाचणी घेणाराच कारागीर निवडा.

बॅटरी-कॉइलचा फायदा खरा आहे. किक हळू बसली तरी ठिणगी जोरदार, त्यामुळे ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना मी हीच सुचवीन. पण सहा व्होल्टची कॉइल पॉइंट बंद असताना तीन-चार अँपिअर, म्हणजे वीसेक वॉट ओढते. बॅटरी भरणारा लुकासचा ई थ्री एल डायनमो ६० वॉटचा, त्याआधीचे त्याहून लहान. रात्री दिवा लावून सावकाश चालवणाऱ्याची बॅटरी उतरणार, आणि बॅटरी संपली की गाडीही थांबणार. मॅग्नेटोच्याच आकाराची, बॅटरी न लागणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणाही असते. ती चालते छान, पण वाटेत बिघडली तर हाताशी करण्यासारखं काही उरत नाही. फीलर गेज आणि बारीक पॉलिश पेपर खिशात ठेवून लांब जाणाऱ्या माझ्यासारख्याला चांगलं वाइंडिंग केलेला मूळ मॅग्नेटोच पटतो.

काहीही ठरवा, आर्मेचर ओढण्याआधी तीन गोष्टी बाहेर काढा: प्लगच्या वायरचे पिकअप (स्लिप रिंगवरून वीज घेणारे भाग), अर्थचा कार्बन ब्रश आणि सेफ्टी गॅपचा स्क्रू (जादा व्होल्टेजला बाहेरची वाट देणारा). पहिल्यांदा मॅग्नेटो उघडला तेव्हा तो स्क्रू माझ्या लक्षातच आला नाही. आर्मेचर थोडं अडलं, मी जोर लावला आणि स्लिप रिंगची कड कट्कन तुटली. तोवर ती रिंग अगदी शाबूत होती. आर्मेचर बाहेर येताच चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये लोखंडाचा तुकडा ठेवा, नाहीतर चुंबकत्व उतरतं आणि नसलेलं दुखणं मागे लागतं.