विंडोज सात, दहा, अकरा: जुन्या आय-थ्रीवर कोण किती पळतं?

आमचं डीटीपीचं (कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर मांडायचं) मशीन म्हणजे इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क. लग्नसराईत गिऱ्हाईक पत्रिकेचं प्रूफ बघायला शेजारीच बसतं. त्यामुळे बेंचमार्कचे (वेगाच्या चाचण्यांचे) आकडे माझ्या काय कामाचे? मी बघते ते एवढंच: कोरल (पत्रिका डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) उघडून हातात किती वेळात येतं.

हार्ड डिस्कवर विंडोज ७ सरळ पुढे. १० चा डेस्कटॉप दिसतो लवकर, पण क्लिक केलं की नुसतं गोल फिरत राहतं. टास्क मॅनेजर उघडा: डिस्क १०० टक्के, सीपीयू जवळपास रिकामा. डिफेंडरचं (विंडोजच्या अँटिव्हायरसचं) स्कॅन, सर्चचं इंडेक्सिंग, अपडेट, सगळे एकाच वेळी डिस्कच्या मागे लागलेले. आणि सुरू व्हायचा वेळ मोजायचा तर रीस्टार्ट देऊन मोजा. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलंय. शटडाउन करताना कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, पुरता बंद न होता डिस्कवर साठवला जातो (हायबरनेट होतो), म्हणून दुसऱ्या दिवशी १० उगाच चपळ वाटतं.

हार्ड डिस्कच्या जागी साटा एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, वेगवान डिस्क) बसवली आणि भांडणच मिटलं. ७ आणि १० मधला फरक आता शोधावा लागतो. रॅम ८ जीबी केल्यावर कोरलसोबत क्रोमही निवांत चालतं. दुकानदार नवीन मशीन गळ्यात मारत असेल तर आधी एसएसडीचा भाव विचारा.

तरी वेगासाठी ७ वर परत जाऊ नका. त्याचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षा अपडेट, १४ जानेवारी २०२० ला संपला, क्रोमही १०९ व्या आवृत्तीवर थांबलं. १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला गेला. ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलची किमान आठवी पिढी लागते, म्हणजे आमचं मशीन बादच. भावाच्या लॅपटॉपवर ११ वापरलं. वेगाची तक्रार नाही, पण राइट क्लिकनंतर पुन्हा ‘शो मोअर ऑप्शन्स’ दाबायला लावणाऱ्याला दिवसभर डीटीपीला बसवलं पाहिजे!

विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती या सगळ्यांत हलकी. इनस्क्रिप्ट कीबोर्डने मराठी छान टाइप होतं. पण आमच्या जुन्या फायली श्रीलिपी या विंडोजवरच्या मराठी सॉफ्टवेअरच्या फॉन्टमधल्या, आणि कोरल तिथे नाही. म्हणून मेल, बिलं मिंटवर. कोरलसाठी १०, तेही सपोर्ट गेल्यामुळे नेटची वायर काढून.