माजी सैनिक संघटनेच्या सेवेबद्दल अभिप्राय

माझे वडील कामठीच्या गार्ड्स रेजिमेंटल सेंटरमध्ये घडलेले सैनिक होते. त्यांच्या निधनानंतर आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद एका बँकेत चार महिने अडकले होते. दक्षिण नागपुरातील एका लहानशा माजी सैनिक संघटनेच्या ज्येष्ठ सभासदांनी डिस्चार्ज बुकातील (लष्करातून निवृत्त होताना मिळणाऱ्या सेवापुस्तिकेतील) आणि आधारवरील नावांतली तफावत शोधून काढली, प्रतिज्ञापत्राचा मसुदा दिला आणि पुढे संरक्षण दलांच्या निवृत्तिवेतनाच्या ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीवर हयातीचा दाखलाही शेजारी बसून नोंदवून दिला. शुल्क काहीच घेतले नाही. आईला मात्र प्रत्येक वेळी ‘वहिनी’ म्हणूनच हाक मारली, आणि मला ते कामापेक्षाही मोलाचे वाटते.

16 डिसेंबरच्या विजय दिवसाला येथे 1971 च्या युद्धात लढलेल्यांचा सत्कार होतो आणि वीरपत्नींना पहिल्या रांगेत बसवले जाते. प्रजासत्ताकदिनी सीताबर्डी किल्ला लोकांसाठी खुला होतो, तेव्हा हीच मंडळी वस्तीतील मुलांना घेऊन जातात. कार्यालय पहिल्या मजल्यावर असून जिना अरुंद आहे. गुडघे दुखणाऱ्या वृद्धांसाठी आठवड्यातून एक दिवस तरी तळमजल्यावर बसण्याची सोय संघटनेने करावी, अशी मनापासून विनंती आहे.