खिडकीच्या काचा: साबण-वायपर की व्हिनेगर?
सोलापुरात काचेवर दोन थर बसतात: धूळ आणि बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग.

धुळीसाठी साबण-वायपरच. आधी कोरड्या फडक्याने झटका, नाहीतर खड्याने चरे पडतात. बादलीभर पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब पुरे. फेस जास्त झाला की ओघळ राहतात. वायपर वरून खाली एका दमात ओढायचा आणि दर ओढीनंतर रबर पुसायचं. इथे कंटाळा केला की रेघा आल्याच.

पांढऱ्या डागांपुढे मात्र साबण हात टेकतो. ते कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार. व्हिनेगरमधलं आम्ल त्यांना विरघळवतं. निम्मं पाणी, निम्मं व्हिनेगर फवारा, ५ मिनिटं थांबा, पुसा. वर्तमानपत्राचं कौतुक मला पटत नाही, शाई पांढऱ्या चौकटीला लागते. जुनं सुती धोतर बरं. खिडकीखाली शहाबादी फरशी असेल तर जपून! तो चुनखडीचाच दगड, व्हिनेगरने त्याची चकाकी जाते.

दर आठवड्याला मी साबणच वापरेन, व्हिनेगर डाग दिसले तरच. आणि उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर गेला की तापलेल्या काचेवर दोन्ही वाळून डाग धरतात, म्हणून पूर्वेची खिडकी संध्याकाळी, पश्चिमेची सकाळी.