गुलमोहर उतरवला, लॉन किती वाचलं? नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

आज सकाळी दहा मिलिमीटरची लोखंडी सळई घेऊन लॉनवर फिरले. हाताच्या जोरानं ती जमिनीत कुठे किती जाते, एवढंच बघायचं होतं. लॉनच्या मधोमध, गुलमोहराची सगळी लाकडं जिथून बाहेर गेली तिथे, सळई सात इंच गेली. फाटकाजवळच्या अडीच फूट रुंद पट्ट्यात मात्र ती तीन इंचांवरच अडते. जुलैत तिथे जेमतेम इंचभर जात होती. फेब्रुवारीत झाड काढलं, आता नोव्हेंबर आहे. काम संपल्याच्या दिवशी कुणी विचारलं असतं तर मी "सगळं छान झालं" असंच सांगितलं असतं. खरा हिशेब पावसाळा गेल्यावर कळला, म्हणून आत्ता लिहितेय.

आमचं घर नागपूरच्या त्रिमूर्तीनगर भागात आहे. समोर साधारण नऊशे चौरस फुटांचं हरळीचं लॉन आहे. सासऱ्यांनी घर बांधलं त्या वर्षी लावलेला, पस्तीस वर्षांचा गुलमोहर त्याच्या कडेला होता. बुंध्याला पोकळी धरली होती आणि मे-जूनच्या वादळात दोन डगाली, म्हणजे जाड फांद्या, शेजारच्यांच्या टिनावर पडल्या होत्या. झाड काढायचं ठरवणं घरातल्या सगळ्यांनाच जड गेलं, पण पोकळीत हात कोपरापर्यंत जायला लागल्यावर दुसरा मार्ग नव्हता.

परवानगीबद्दल थोडक्यात. शहरी भागात झाडांसाठी १९७५ चा महाराष्ट्राचा कायदा आहे, आणि झाड तोडणं म्हणजे फक्त बुडातून कापणं असं तो मानत नाही. जाळणं किंवा इजा करणं हेही त्यात येतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांसाठी वेगळे, जास्त कडक नियम आहेत. आपल्या अंगणातलं झाड असलं तरी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करावाच लागतो. परवानगीचा कागद हातात येईपर्यंत कामवाल्यांना तारीख देऊ नका.

आता लॉनचं. तीन कटाईवाल्यांना बोलावून दाखवलं. पहिले दोघं म्हणाले, "लॉन काय, पाऊस पडला का येते वापस." तिसऱ्यानं आधी जमीन बघितली, चपलेच्या टाचेनं माती दाबली आणि विचारलं, "काकू, पाणी कवा देल्लं होतं?" काम त्यालाच दिलं. त्याचा तो प्रश्नच या सगळ्यातला सगळ्यात मोलाचा होता, हे मला नंतर समजलं.

आपल्याकडची माती काळी. वाळली की दगड, भिजली की लोणी. वाळलेल्या काळ्या मातीवरून माणसं दिवसभर गेली तरी ती फारशी दबत नाही. तीच माती ओली असेल तर एका चाकाखाली तिच्यातली हवेची जागाच संपते. मुळांना हवा मिळत नाही आणि पाणी मुरत नाही. शेतकरी वाफसा आल्याशिवाय, म्हणजे माती चिकटेनाशी होईपर्यंत, वखर घालत नाहीत ते याचसाठी. हाच नियम अंगणाला लावायचा. म्हणून कामाच्या आधी आठ दिवस लॉनला पाणी बंद केलं. फेब्रुवारीत हरळी तेवढं सहज सोसते. थोडी मळकट दिसते, पण तिची मुळं ठीक असतात.

शटरिंगवाल्याकडून आठ बाय चार फुटांच्या, बारा मिलिमीटर प्लायच्या दहा शीट्स तीन दिवसांसाठी भाड्यानं आणल्या. ने-आणीसकट दोन हजारांच्या आसपास खर्च आला. झाडापासून फाटकापर्यंत त्या एकावर एक चार-चार इंच चढवून अंथरल्या. लाकडाचा ठेला आणि माणसं फक्त त्यांच्यावरूनच जाणार, हे आधीच ठरवून घेतलं. माणसं आणि ठेला यांना बारा मिलिमीटर पुरतं. ट्रॅक्टर किंवा ट्रॉलीखाली ते चालत नाही, दुसऱ्याच फेरीला चिरतं. रोज संध्याकाळी शीट्स उचलून भिंतीला लावल्या आणि सकाळी परत अंथरल्या, म्हणजे गवताला रात्रीची हवा मिळते. शीट्सबद्दल माझी काहीही तक्रार नाही. एवढ्या फेऱ्या होऊनही मधल्या भागात आज कुठली वाट होती ते शोधून सापडत नाही.

झाडाखाली, जिथे तुकडे उतरणार होते तिथे, पंक्चरच्या दुकानातून आणलेले जुने टायर मांडले आणि त्यांच्यावर पहिल्या तासात निघालेला पाला आणि बारीक फाटे रचले. ही युक्ती कामवाल्याची. पाला उचलायची घाई न करता तोच गादीसारखा वापरायचा. पण गादी असली तरी ओंडका वरून सोडायचा नाही, दोरानंच उतरवायचा, यावर मी शेवटपर्यंत अडून राहिले. गणित साधं आहे. चाळीस सेंटिमीटर जाडीचा, मीटरभर लांबीचा ओला ओंडका शंभर किलोच्या आसपास भरतो. पंचवीस फुटांवरून सुटला तर जमिनीला लागताना त्याचा वेग ताशी पंचेचाळीस किलोमीटरच्या जवळ जातो. त्यापुढे कुठलीही गादी टिकत नाही आणि खाली चेंबर असेल तर तेही टिकत नाही.

दोराची पद्धत बघण्यासारखी होती. चढणारा डगालीला दोर बांधतो, तो वरच्या मजबूत बेचक्यातून खाली येतो आणि खालचा माणूस बुंध्याला दोन-तीन वेढे देऊन धरतो. वेढ्यांच्या घर्षणामुळे एक माणूस शंभर किलो हळूहळू सोडू शकतो. धरणारा नेहमी बाजूला उभा असतो, डगालीच्या खाली कधीच नाही. जाड डगाल कापताना चढणारा आधी खालून थोडा काप घेत होता, मग थोडं पुढे जाऊन वरून. नाहीतर वजनानं फांदी अर्धी चिरते आणि खोडाची साल ओढत खाली जाते. काढून टाकायच्या झाडात सालीला महत्त्व नाही, पण चिरलेली डगाल कुठे झोकांडेल सांगता येत नाही. कामगारांच्या डोक्यावर हेल्मेट आणि कंबरेला बेल्ट हवाच, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि त्यांनी ते ऐकलं.

घराच्या बाजूला जास्त वेळ लागला नाही. खिडकीतला कूलर स्टँडसकट काढून मागे ठेवला. तुळशीवृंदावनाला चारी बाजूंनी भरलेली पोती लावली. शेजारच्या काकांच्या गच्चीवर सोलर पॅनल आहेत, म्हणून त्या बाजूची डगाल आधी आणि लहान तुकड्यांत काढायची, असं त्यांना समोर घेऊन ठरवलं. विजेची सर्व्हिस वायर झाडातून जात होती, तर महावितरणला अर्ज देऊन त्या दिवशी पुरवठा बंद करून घेतला. पेट्रोलची कॅन आणि आऱ्याचं ऑइल पोर्चच्या फरशीवर पत्र्याच्या परातीत ठेवायला लावलं. गवतावर पेट्रोल सांडलं की तो डाग महिनोन्महिने जात नाही.

आणि एक गोष्ट कुणीही चुकवू नये. काम सुरू व्हायच्या आधी मोबाइलवर पूर्ण घराचा व्हिडिओ काढा. कंपाउंडच्या भेगा, फरशा, चेंबरची झाकणं, पाण्याचे नळ, सगळं बोलत बोलत दाखवा. दुसऱ्या दिवशी एक ओंडका शीटवरून घरंगळून सेप्टिक टँकच्या झाकणावर गेला आणि झाकण मधोमध तडकलं. ठेकेदार आधी म्हणाला, ते आधीच फुटलेलं होतं. व्हिडिओ दाखवल्यावर वाद मिटला आणि नव्या झाकणाचे पैसे बिलातून वजा झाले. चूक माझीही होती. झाकणावरून शीट नेली होती, पण शीट म्हणजे पूल नव्हे. खाली पोकळी असेल तर दोन्ही बाजूंना विटा ठेवून आणि शीट दुहेरी करूनच भार न्यायचा, किंवा वाट तिथून काढायचीच नाही.

आता बिघडलेल्या दोन गोष्टी, कारण मुख्य शिकवण त्यांच्यातच आहे.

पहिली ताडपत्रीची. भुसा गवतात मिसळू नये म्हणून बुंध्याजवळ निळी प्लास्टिकची ताडपत्री घातली होती. कल्पना बरोबर होती. ताजा भुसा मातीत गेला की तो कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र स्वतःसाठी वापरतात आणि गवत पिवळं पडतं. पण पहिल्या दिवशी ताडपत्री उचलायची राहिली आणि दुसऱ्या दिवशी चारपर्यंत तशीच उन्हात होती. सहा बाय चारचा चौकोन भाजून निघाला. हरळीच्या खालच्या धावत्या मुळ्या जिवंत होत्या, त्यामुळे तीन आठवड्यांत पाणी दिल्यावर ती परत आली. मेक्सिकन लॉन असतं तर ते एवढ्या लवकर भरून आलं नसतं. ताडपत्री वापराच, पण तासाभराच्या कामापुरती. भुसा गोळा झाला की उचला.

दुसरी जास्त वाईट. शेवटच्या दिवशी संध्याकाळी ओंडके भरायला ट्रॉली आली. ती रस्त्यावरच उभी राहायची असं ठरलं होतं, पण वाहतूक अडते म्हणून तिची उजवी दोन चाकं फाटकातून आत घेतली. नेमकी आदल्या रात्री वरची टाकी भरून वाहिली होती आणि पाइपचं पाणी फाटकाजवळ मुरलं होतं. टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायचा मी विसरले होते. ट्रॉली पाच मिनिटं उभी होती. चाकांनी तीन इंच खोल चर पाडला.

तेव्हा वाटलं, भर घातली की झालं. वाळू आणि माती मिसळून भरली, वरून हरळीचे तुकडे लावले. पावसाळ्यापर्यंत हिरवं दिसलं. जुलैत मात्र बाकी लॉनवरचं पाणी दोन-तीन तासांत ओसरायचं आणि त्या पट्ट्यात दोन-दोन दिवस तळं साचायचं. हरळी विरळ झाली आणि मोथा हे तण घुसलं. आमचा माळी म्हणाला, "ताई, वरून भरू नका, खालून उघडा." चर भरला होता, पण त्याखालची दबलेली माती तशीच होती. आणि काळ्या मातीत थोडी वाळू मिसळून ती मोकळी होत नाही, उलट घट्ट बसते.

मग ऑगस्टमध्ये पावसानं आठवडाभर उघडीप दिली आणि माती हाताला चिकटेनाशी झाली, तेव्हा त्यानं सब्बलीनं, म्हणजे पहारीनं, वीतभर अंतरावर आठ-नऊ इंच खोल छिद्रं पाडली, प्रत्येक वेळी सब्बल थोडी हलवून. त्यात चाळलेलं, जुनं शेणखत भरलं. हेच सप्टेंबरअखेर पुन्हा केलं. मोथा खुरप्यानं गाठीसकट काढावा लागतो, वरून कापला तर दुप्पट येतो. आता सळई इंचावरून तीन इंचांवर आली आहे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात परत मिटते, त्यात ती स्वतःही थोडी मोकळी होते. माळ्याच्या मते अजून एक उन्हाळा आणि एक पावसाळा लागेल. मला ते पटतं.

पाच मिनिटांच्या चाकापुढे दोन दिवसांची पावलं काहीच नव्हती. शीट्सवर, टायरवर, दोरावर एवढा विचार केला आणि ओल्या जागेवर चाक येऊ दिलं. पुन्हा करायची वेळ आली तर ठेकेदाराच्या कागदावर पहिली ओळ हीच लिहीन, की वाहन फाटकाबाहेर, आणि ओली जागा असेल तर काम पुढे ढकलायचं. त्याच पट्ट्याला लागून आमचा आंबा आहे. झाडांची अन्न-पाणी घेणारी बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि पसाऱ्याच्या बाहेरपर्यंत जातात. म्हणजे दबली ती फक्त हिरवळीची जमीन नव्हे. यंदा आंब्याच्या त्या बाजूची पालवी उशिरा आणि कमी आली.

शेवटची एक बाब, जी मला कुणीच आधी सांगितली नव्हती. मोठं झाड दर उन्हाळ्यात काळ्या मातीतून भरपूर पाणी ओढतं. ते झाड गेलं की ते पाणी मातीतच राहतं आणि माती फुगते. भिंतीच्या अगदी जवळचं झाड असेल तर काढण्याआधी एखाद्या सिव्हिल इंजिनिअरला दाखवा. आमचा बुंधा कंपाउंडपासून सहा फुटांवर होता. पावसाळ्यानंतर त्या भागातले चार पेव्हर अर्ध्या इंचानं उचलले गेले आहेत आणि भिंतीच्या जुन्या भेगेच्या दोन्ही टोकांना मी पेन्सिलनं रेघ मारून तारीख लिहिली आहे. ऑक्टोबरची रेघ अजून जागेवर आहे. पुढची नोंद मे महिन्यात, माती पूर्ण वाळल्यावर घेणार आहे.