दंड की भरपाई?

पावसाळ्यात पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर जीप घालून चिखलात चाकं गरगरवणारी पोरं आपण बघतोच. तिथल्या जांभ्या खडकावरची माती जेमतेम वीतभर, कुठं तेवढीही नाही. चाकोरी पडली की तीच पाण्याची वाट होते, माती वाहून जाते. फुलं उगवायची कुठं?

यांना शिक्षा काय असावी? एक वाट दंडाची. राधानगरीसारख्या अभयारण्यात वन्यजीव कायदा 1972 लागतो. 2022 च्या दुरुस्तीनंतर साधारण गुन्ह्यांना 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. गाडीही जप्त होऊ शकते, आणि खरी धास्ती तिचीच. पंधरा-वीस लाखांची गाडी फिरवणाऱ्याला दंड म्हणजे पेट्रोलचा खर्च वाटतो!

दुसरी वाट भरपाईची. 1927 च्या वन कायद्यात राखीव जंगलाच्या नुकसानीची भरपाई कोर्ट शिक्षेशिवाय वेगळी लावू शकतं. मला हीच जास्त पटते, कारण हिशेब थेट उकरलेल्या जमिनीचा होतो. अडचण एकच, वाहून गेलेल्या मातीची किंमत पंचनाम्यात लिहायची कशी?

आणि गायरानात हेच केलं, तर वन कायद्याचा हातच पोचत नाही.